काढू का ठेवू?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

'मराठी विभागासाठी लेख पाहिजेत' अशी नोटीस मेसच्या दारावर लागून पंधरा दिवस झाले होते. तिच्यावर कुणीतरी रस्सा सांडला, कुणीतरी पेनने 'कविता सोडून काहीही द्या' असं लिहिलं, आणि एका रात्री संपादक मंडळातला मित्र माझ्या कॉटवर येऊन बसला.

"फादर, या वर्षी तू लिही."

"मी? अरे, मला अजून 'ऱ्हस्व' हा शब्द ऱ्हस्व की दीर्घ तेसुद्धा माहीत नाही!"

'फादर' हे माझं हॉस्टेलमधलं नाव. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो हा एवढाच माझा गुन्हा. शाळेत मराठीचा रोज एक तास, आणि बाकीच्या तासांत मराठी बोललं तर दोन रुपये दंड. घरी मात्र आज्जीचं राज्य. मानवत तालुक्यातलं आमचं गाव, तिथे इंग्रजीत कुणाशी बोलणार? बैलाशी? त्यामुळे माझी मराठी अर्धी आज्जीची आणि अर्धी पुस्तकातली आहे. चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात, राहिल्या तर त्यांच्या.

विषयाचं म्हणाल तर मला एकाच विषयावर अधिकारवाणीने बोलता येतं. तो म्हणजे फँटसी फुटबॉल. आणि त्यातही एकाच प्रश्नावर: आपला एखादा खेळाडू अपेक्षेपेक्षा फारच भारी खेळायला लागला, की त्याला कधी विकायचं? अधिकार एवढ्याचसाठी, की या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा चुकवलेलं आहे. दोन्ही वेळा उलट्या दिशेने.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (रेक्टर सर, रात्री उशिरा आमच्या रूममधून जे ओरडणं ऐकू येतं ते हेच). इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू घेऊन आपण कागदावर पंधरा जणांची टीम बनवायची. त्यांनी खऱ्या मॅचमध्ये गोल केला, पास दिला, की आपल्याला पॉइंट्स. साध्या प्रकारात शंभर मिलियन पौंडांचं खोटं बजेट असतं आणि एकच सालाह लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकतो. त्यात खेळाडूचा भाव चढल्यावर विकला तर नफ्यातला फक्त अर्धा वाटा आपल्याला मिळतो. हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिथंबी अडत्या आहेच की!"

आम्ही खेळतो तो दुसरा प्रकार, ड्राफ्ट. आठ जणांची लीग. एक खेळाडू फक्त एकाकडेच. सीझनच्या आधी चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे आणि आळीपाळीने खेळाडू उचलायचे. नंतर कुणाला कुणाचा खेळाडू पाहिजे असेल तर अदलाबदल, म्हणजे ट्रेड. तू मला हा दे, मी तुला तो देतो. पैशांचा संबंध नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा झाला तेव्हा हॉस्टेलात बऱ्याच जणांचे चेहरे उतरले, पण आमच्या लीगमध्ये शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची एवढाच कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. आमच्याकडे नावं गावावरून चालतात. त्यामुळे या लेखात उदगीर, बार्शी, हिंगोली असं काही आलं तर ती माणसं आहेत, एसटीचे थांबे नव्हेत.

फर्स्ट इयरला आलो तेव्हा लीग सुरू झालेली होती. एक सीनियर प्लेसमेंटच्या धावपळीत टीम सोडून गेला आणि ती पासवर्डसकट मला मिळाली. टीमच्या तळाशी कोल पामर नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा होता. चेल्सीने त्याला सप्टेंबर २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीकडून घेतलं होतं. १२ नोव्हेंबरला त्याच सिटीविरुद्ध मॅच ४-४ अशी सुटली, आणि चौथा गोल पामरचा, ९५ व्या मिनिटाला, पेनल्टीवर. तोपर्यंत त्याचे लीगमध्ये चार गोल झाले होते. चारही पेनल्टी!

मी विचार केला, पेनल्टी काय, आमच्या मेसच्या मामांनीही मारल्या असत्या. हा फुगा आहे. फुटायच्या आत खपवावा. उदगीरकडे मार्कस रॅशफर्ड होता. आदल्या सीझनला त्याने लीगमध्ये १७ गोल केले होते. मोठं नाव. मी पामर दिला, रॅशफर्ड घेतला, आणि त्या रात्री 'सेल हाय, बाय लो' असं स्टेटस ठेवून झोपलो.

पुढचं काय सांगू? पामरने तो सीझन २२ गोल आणि ११ असिस्टवर संपवला. रॅशफर्डचे झाले ७. एप्रिल २०२४ मध्ये चेल्सीने मँचेस्टर युनायटेडला, म्हणजे माझ्या रॅशफर्डच्याच टीमला, ४-३ असं हरवलं. १०० व्या आणि १०१ व्या मिनिटाला गोल केले कुणी? पामरने. हॅट्ट्रिक. त्यानंतर अकरा दिवसांनी एव्हर्टनविरुद्ध चार. उदगीर लीग जिंकला. मिसळीच्या दिवशी त्याने पहिला घास माझ्या तोंडात घातला आणि म्हणाला, "अन्नदाता सुखी भव."

नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्या २२ पैकी ९ पेनल्टी होत्या. म्हणजे मला दिसलेली गोष्ट खोटी नव्हती, मी तिचा अर्थ उलटा लावला. पेनल्टी मारणं हे त्याचं नशीब नव्हतं, ते टीमने त्याला दिलेलं काम होतं. पुढच्या महिन्यातही पेनल्टी मिळाली तर तोच मारणार होता. हे मला एकशे एकाव्या मिनिटाला कळलं.

आता इथून मी तुम्हाला थेट आमच्या घरी घेऊन जाणार आहे. कारण दुसरी चूक मी का केली ते घरच्या कापसाशिवाय सांगता येत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या पोरांना कापसाबद्दल सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो. आमची चार एकर कोरडवाहू कपाशी. वेचणी सुरू झाली की घरात कापूस यायला लागतो. मग खेडा खरेदीवाला व्यापारी काटा घेऊन दारात येतो, नाहीतर टेम्पो भरून मानवतच्या बाजार समितीत लिलावाला न्यायचा, नाहीतर हमीभावाने सीसीआयच्या केंद्रावर. आणि चौथा मार्ग म्हणजे घरात ठेवायचा. भाव चढायची वाट पाहायची.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये अण्णांनी सगळा कापूस ८,१०० रुपये क्विंटलने विकला. त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव होता ५,७२६ आणि लांब धाग्याचा ६,०२५. म्हणजे हमीभावाच्या दोन हजार वर! अण्णा इतके खूश की परभणीहून येताना पेढे आणले. पण भाव थांबलाच नाही. त्या वर्षी पीक कमी होतं, जगभरात कापूस महाग झाला होता. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये दहा हजारांच्या पुढे गेला, मे महिन्यात काही ठिकाणी बारा हजारांच्याही पुढे. आमच्या शेजाऱ्यांनी कापूस ठेवला होता. त्यांनी एप्रिलमध्ये विकला आणि बुलेट घेतली. काळी. ती रोज सकाळी आमच्या दारासमोर चालू व्हायची आणि पाच मिनिटं तशीच धडधडत उभी राहायची. अण्णा आत चहा पीत बसलेले असायचे. कुणीच काही बोलायचं नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरमध्ये, व्यापारी दारात आला. ८,९०० म्हणाला. गेल्या वर्षीपेक्षा आठशे जास्त, हमीभाव तर लांब धाग्याचाही ६,३८० होता. अण्णा म्हणाले, "नाही."

माझी बारावी होती. घरात तीन खोल्या, त्यातल्या माझ्या अभ्यासाच्या खोलीत अठ्ठावीस क्विंटल कापूस. छतापर्यंत. टेबल बाहेर ओसरीवर आलं. सुरुवातीला मजा वाटते, ढगात राहिल्यासारखं. मग फेब्रुवारीत ऊन वाढलं आणि अंगाला खाज सुटायला लागली. कापसात बारीक किडे होतात, ते चावतात. मी इंटिग्रेशनची गणितं एका हाताने सोडवत होतो आणि दुसऱ्या हाताने खाजवत होतो. आई रोज अंथरूण उन्हात टाकायची. आज्जी म्हणायची, "अर्धा ईक, अर्धा ठिव. सगळाच कामून दाबून बसलास?" अण्णा ऐकून घ्यायचे आणि मोबाईलवर भाव पाहायचे. साडेआठ. आठ. सात-आठशे. रोज पाहायचे आणि रोज म्हणायचे, "मे मध्ये चढतो. मागच्या साली मे मध्येच चढला होता."

मे मध्ये चढला नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात २०२२ च्या मे महिन्यात कापूस दीडशे सेंट पौंडाच्या घरात होता, तो त्याच दिवाळीच्या पुढेमागे सत्तर-ऐंशीवर आला होता. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा आमच्या गावात न्यूयॉर्कचा भाव कुणाला सांगितला असता तर त्याने मला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

जूनमध्ये पेरणी तोंडावर आली. बियाणं, खत, आणि वर माझी अ‍ॅडमिशन. विकावाच लागला. ७,१०० ने. वाळून वजनही क्विंटलभर घटलं होतं. मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला: डिसेंबरचे २,४९,२००, जूनचे १,९१,७००. फरक साडेसत्तावन्न हजार. अण्णांना तो आकडा मी कधी सांगितला नाही. त्यांनी तो माझ्याआधीच केलेला असणार.

या हॉस्टेलची पहिल्या वर्षाची फी त्या कापसातून भरलेली आहे.

असो. पुन्हा फुटबॉलकडे.

पामरच्या प्रकरणानंतर मी आकड्यांच्या मागे लागलो. फुटबॉलमध्ये 'एक्सजी' नावाचा एक आकडा असतो, म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक शॉट कुठून मारला, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने, यावरून तशा शॉटचा गोल व्हायची शक्यता काढतात. पेनल्टीला जवळजवळ ०.८, चाळीस यार्डांवरून मारला तर नगण्य. सगळ्या शॉट्सची बेरीज केली की समजतं, या माणसाचे साधारण किती गोल व्हायला हवे होते. गोल दहा आणि एक्सजी सहा असेल तर चार गोल वरचे. ते चार कौशल्याचे की नशिबाचे, यावर आमच्या मजल्यावर भांडणं झालेली आहेत. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत हा वरचा भाग पुढे टिकत नाही, गाडी सरासरीकडे येते. एम-थ्रीला आपण जी रिग्रेशन लाइन काढतो ना, तिचं नाव यातूनच आलं. गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास छापला. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात. सरांनी हे सांगितलं असतं तर मी लेक्चरला जागा राहिलो असतो!

पण हे पुस्तकी ज्ञान घेऊन सरसकट विकायला निघालात तर तेही खड्ड्यात नेतं. २०१७-१८ मध्ये सालाहने लीगमध्ये ३२ गोल केले तेव्हा पुष्कळांनी त्याला एका सीझनचा पाहुणा ठरवलं होतं. पुढच्या वर्षी त्याने २२ करून गोल्डन बूट दोघांबरोबर वाटून घेतला, आणि २०२४-२५ मध्ये २९ गोल, १८ असिस्ट. त्याला जो २०१८ मध्ये विकून मोकळा झाला असेल त्याने सात वर्षं बुलेटचा आवाज ऐकला. उलट बाजूला मिचू. स्वान्सीने फक्त वीस लाख पौंडांत आणला, २०१२-१३ ला लीगमध्ये १८ गोल. दुसऱ्या वर्षी दुखापती आणि २ गोल. आज दोघांची नावं शेजारी लिहिताना सगळं सोपं वाटतं. पहिल्या सीझनच्या शेवटी मात्र दोघं सारखेच दिसत होते.

आता माझी दुसरी चूक. २०२४-२५ चा सीझन. ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांत मला ख्रिस वुड मिळाला. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा, न्यूझीलंडचा, तेहतिशीकडे झुकलेला, दांडगा माणूस. बार्शी हसला होता, "म्हातारा घेतला का?" आणि म्हातारा सुटला! डोकं लावलं की गोल, पाय लावला की गोल. त्याचा एक्सजी मात्र गोलांच्या बराच खाली.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. तुम्हाला ती तारीख बजेटमुळे आठवत असेल. बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही म्हणून मेसमध्ये असे लोक टाळ्या वाजवत होते ज्यांचं उत्पन्न शून्य आहे. टीव्हीवर त्याचीच चर्चा चालू होती आणि मी टेबलाखाली मोबाईल धरून फॉरेस्टची मॅच बघत होतो. फॉरेस्टने ब्रायटनला ७-० मारलं. वुडची हॅट्ट्रिक. सीझनचे १७ गोल. मध्येच अण्णांचा फोन. "बजेटात कापसाचं काय मनले रे?" मी म्हणालो, "पाच वर्षांचं मिशन आहे अण्णा, उत्पादकता वाढवायचं." "बरं. आन् भावाचं?" तेवढ्यात तिसरा गोल झाला आणि मी ओरडलो. अण्णांना वाटलं भावाचं काहीतरी चांगलं झालं.

त्याच रात्री बार्शी रूमवर आला. हाच तो म्हातारा म्हणणारा. "फादर, वुड दे. ब्रेंटफर्डचा विसा घे." योआन विसा चांगलाच चालत होता, पण त्याच्या नावाला वुडइतकी चमक नव्हती. बार्शी तळाला होता, त्याला काहीतरी धमाका पाहिजे होता. एक्सजी बघितला तर उत्तर समोर होतं. सतरा गोलांतले कितीतरी वरचे, वय तेहतीस, आणि समोर गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने चालत आलेलं. भाव असताना गिऱ्हाईक आपल्या दारात येतं, भाव पडल्यावर आपण त्याच्या.

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? त्या वेळी मी कारणं दिली होती. फॉरेस्टचा फॉर्म, पेनल्टी, पुढच्या मॅचेस. सगळी खोटी. खरं कारण म्हणजे मला मिसळीचा तो घास आठवत होता. पामर विकून तोंडघशी पडलो म्हणून वुड विकायचा नाही. मला वुडबद्दल काही ठरवायचंच नव्हतं, मी अजून पामरबद्दलच ठरवत होतो!

त्या सीझनच्या उरलेल्या १४ मॅचेसमध्ये वुडने ३ गोल केले. मार्चमध्ये तो न्यूझीलंडकडून खेळायला गेला, न्यूझीलंड २०२६ च्या वर्ल्ड कपला पात्र ठरलं आणि माझा फॉरवर्ड खुबा धरून परत आला. मी बार्शीच्या रूमवर गेलो. "विसा अजून देतोस का?" त्याने नुसतं दार लावून घेतलं. मग महाराष्ट्र दिनाच्या रात्री ब्रेंटफर्ड फॉरेस्टच्या मैदानावर जाऊन २-० जिंकलं. दुसरा गोल विसाचा. वुडच्या घरात येऊन! सीझन संपला तेव्हा वुड २० गोल, विसा १९. नुसते हे दोन आकडे पाहिले तर वाटेल की मी काही चुकलो नाही. पण मला वीस मिळाले नव्हते हो, त्यातले सतरा तर मी ट्रेड नाकारायच्या आधीच खाऊन झाले होते. पुढचे तीन मला मिळाले आणि विसाचे पुढचे सगळे बार्शीला. तो तळातून तिसरा आला. मी दुसऱ्या नंबरवरून पाचवा.

मे महिन्यात घरी गेलो होतो. रात्री अंगणात बाजेवर पडलो असताना अण्णांनी विचारलं, "तुझ्या त्या खेळाचं काय झालं?" मी सगळं सांगितलं. वुड, विसा, बार्शी, सगळं. ते ऐकत होते. समोरच्या ओट्याजवळ बुलेट उभी होती (त्या शेजाऱ्यांनीही पुढच्या वर्षी कापूस ठेवला होता, त्यांचा तर आमच्या दुप्पट होता, पण बुलेट आहे अजून). मग मी घाबरत घाबरत बोललो.

"अण्णा, एक विचारू? त्या वर्षी डिसेंबरमध्ये तुमच्याकडे कापूस नसता, आणि खिशात ८,९०० रुपये असते, तर तुम्ही एक क्विंटल विकत घेऊन घरात ठेवला असता का? मे मध्ये विकायला?"

ते हसले. "कोण घेतंय! आपण काय व्यापारी आहोत का?"

"मग ठेवला तो वेगळा कसा?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मला वाटलं चिडले. मग म्हणाले, "वेगळा नाही. तू बरोबर मनतोस. पण एक सांग. तुझ्या खेळात ती शेवटची येळ असते ना, काय मनतोस ती?"

"डेडलाइन."

"हां. ती सगळ्यांना एकच असते ना?"

"हो. आठही जणांना एकच."

"व्यापाऱ्याला पेरणी नसते," अण्णा म्हणाले. "त्याच्या लेकराची अ‍ॅडमिशन माझ्या कापसावर नसते. मला जून आहे, त्याला जून नाही. त्याला ठाऊक असतं की मी जूनमध्ये येणार." आणि कूस बदलून झोपले.

मी जागाच राहिलो. दोन वर्षं एक्सजी, रिग्रेशन, सगळं शिकलो, पण हे कुठल्याच आकड्यात बसत नव्हतं. ड्राफ्टमध्ये कुणाला फी भरायची नसते. मी वुड ठेवला म्हणून फार तर पाचवा आलो. अण्णांच्या चुकीला तारीख लावलेली होती आणि ती तारीख माझ्या अ‍ॅडमिशनची होती.

तेव्हापासून ट्रेड आला की मी एक करतो. कागदावर दोन खेळाडूंचे आकडे लिहितो आणि नावं झाकतो. कोण किती मिनिटं खेळतो, कुठून शॉट मारतो, पेनल्टी कुणाच्या, पुढच्या सहा मॅचेस कुणाशी. 'हा आज माझ्याकडे नसता तर याच्या बदल्यात मी हाच मागितला असता का' असं विचारतो. या सीझनला सेमेन्यो माझ्याकडे होता. बोर्नमथच्या पहिल्या सात मॅचेसमध्ये ६ गोल. कागदावर नाव झाकून पाहिलं, रात्रभर विचार केला आणि ऑक्टोबरमध्ये हिंगोलीला देऊन टाकला. बरोबर केलं की चूक ते इथे सांगत नाही, हिंगोली हा अंक वाचणार आहे.

कापसाचं तसं नाही होत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही पाहिलाच. आमची खालची दीड एकर पाण्यात बसली, बोंडं सडली, पहिल्या वेचणीचा बराचसा कवडी निघाला. त्यात ऑगस्टपासून वर्षाखेरपर्यंत बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलेलं. लांब धाग्याचा हमीभाव ८,११०, पण खासगी व्यापारी त्याच्या बरंच खाली मागत होते. सीसीआयला द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी पाहिजे. ती मी हॉस्टेलमधून केली. "अण्णा, ओटीपी आला का? सांगा." "आला. आठ... थांब, चष्मा आणतो." तोपर्यंत ओटीपी संपायचा. चार वेळा झालं. पाचव्या वेळी आईने वाचला. शिवाय कापसात ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली तर परत पाठवतात, म्हणून आज्जी दिवसभर अंगणात कापूस उन्हाला घालून राखत बसलेली.

डिसेंबरमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री अण्णांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. जेवलास का, पाणी आलं का, असं झालं. मग थांबले.

"सतरा क्विंटल झालाय. काढू का ठेवू? तू सांग."

त्यांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी कॉटवरून उठून गॅलरीत गेलो. जर्नल उघडंच राहिलं. शुल्क परत लागलं तर भाव चढेल असं वाटत होतं, पण वाटण्याचं काय, मला वुडबद्दलही वाटत होतं. मी विचारलं, "अण्णा, जूनपर्यंत पैसे कशाकशाला लागणार आहेत?" त्यांनी एकेक सांगितलं. माझी सहाव्या सेमची फी, आज्जीचं डोळ्याचं ऑपरेशन, सोसायटीचं कर्ज. मी गॅलरीच्या कठड्यावर पेन्सिलने बेरीज केली. ती अजून तिथे आहे, रेक्टर सर, माफ करा. अकरा क्विंटलचे पैसे लागत होते.

"अकरा काढा. सहा ठेवा."

"आज्जीनं अर्धाच मनला होता."

"तिला सांगा, इंजिनिअरने हिशेब केलाय."

पलीकडून आज्जीचा आवाज आला. "कोण इंजिनिअर? अजून केटी हाये त्याची!"

अकरा क्विंटल सीसीआयच्या केंद्रावर गेला. ओल साडेनऊ भरली. उरलेला सहा क्विंटल माझ्या खोलीत आहे. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा त्याच्याच शेजारी अंथरूण टाकलं होतं. थंडी होती, किडे अजून झाले नव्हते, तरी सवयीने रात्री हात मानेकडे गेला. शेजारच्या खोलीतून आज्जी म्हणाली, "खाजवू नको, झोप."